उघडिपीतली छत्री

१

शनिवारी दुपारी चारला मी दिव्यात तेल घालायला देवळात गेले, तर थोरली आई जागेवर नव्हती.

कीलुंगच्या चंगबिन बंदरावरच्या आमच्या देवळात समुद्र राखणाऱ्या मात्सू आईच्या तीन मूर्ती आहेत. दोन पुढे, मोठ्या, सोनेरी, गेल्या पिढीत घडवलेल्या. त्यांच्या मागे काचेच्या कपाटात थोरली. वीतभर उंच, समुद्रापलीकडून पहिल्या होडीतून आलेली, दोनशे वर्षांच्या धुरानं काळीभोर झालेली. होडीवरच्या माणसांच्या बायका नवस बोलतात ते तिला. माझ्या नवऱ्याची होडी परत आली नाही त्या वर्षी मीही तिलाच बोलले होते. होडी आली नाही, पण रोज सकाळी तिच्यापुढे चहाचे तीन पेले ठेवायचा नेम मी सोडला नाही. एकोणीस वर्षं झाली त्याला.

कपाटाला कुलूप होतं, लागलेलं. काचेला ओरखडा नाही. आत लाल गादीवर तिच्या बैठकीएवढा खळगा, बस.

मी हाका मारल्या नाहीत. आधी उभ्या जागेवरून सगळं पाहून घेतलं. मोठ्या धूपपात्रातला अंगारा मी रोज सकाळी लाकडी फळीनं सारखा करते. त्यात कडेला डावानं उकरून काढावा तसा खड्डा पडला होता. आणि भिंतीकडच्या फरशीवर कौलाचे दोन तुकडे पडले होते. अर्ध्या चंद्राच्या आकाराचे हे लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. आईला प्रश्न विचारायचा आणि ते टाकायचे. दोन्ही सारखे पडले तर नकार, एक सपाट एक फुगीर वर आला तर होकार. एरवी ते तबकात असतात. आज ते फरशीवर होते, आणि होकाराचे पडले होते.

मग मी वेन काकांना हाक मारली. वेन काका देवळाची राखण करतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते धडपडत आले, काचेवर नाक टेकवून पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसले. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली, दहा मिनिटांत देवस्थानाचे अध्यक्ष कांग चिन-फा आले. त्यांचा बर्फाचा कारखाना बंदराच्या टोकाला आहे. तसेच आले होते, गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या गमबुटांत.

"पोलिसांना कुणी बोलावलं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"मूर्ती गेली म्हटल्यावर बोलावणार नाही तर काय, आरती करणार?" कोपऱ्यावरची जाळीवाली म्हणाली.

कांग कपाटापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी वर्षभर सांगतोय. वर टेकडीवर माझी जागा देतो, नवं देऊळ बांधू. तुम्ही तिला या टपरीत ठेवलीत."

"आम्ही नाही, तिनंच ठेवलं," वेन काका पुटपुटले. "तीनदा कौल लावला होता सगळ्यांसमोर. तिन्ही वेळा नाही म्हणाली."

एवढ्यात फौजदार त्वान आले. त्यांनी कुलूप पाहिलं, किल्ली कुठे असते ते विचारलं. वेन काकांनी दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. तांबड्या दोऱ्यातली किल्ली तिथे लटकत होती.

"हा खिळा कुणाकुणाला ठाऊक आहे?"

कांग यांनी घसा साफ केला.

"इथे फरशी रोज कोण पुसतं?" ते म्हणाले.

आणि सगळ्या माना एकदम बंदराकडे वळल्या.

२

फरशी तार्मुजी पुसायचा.

तो जावा बेटावरचा. चौतीस वर्षांचा, आमच्या बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर कामाला. बोटीवरच राहतो, बोटीवरच झोपतो. मुसलमान आहे. देवळात हात जोडत नाही, आम्ही कुणी त्याला सांगतही नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा धरला तेव्हा चहाच्या पाण्याची बादली घेऊन मी पायऱ्यांवर अडकले होते, ती यानं उचलली. तेव्हापासून रोज सकाळी पाण्याची बादली तो आत आणून ठेवायचा, आणि बोट किनाऱ्याला असली की दुपारी फरशी पुसायचा. मला 'इबू' म्हणतो. त्यांच्याकडे आईला म्हणतात.

पोलीस बोटीवर गेले तर तो शेजारच्या बोटीवर उडी मारून पळाला. बर्फाच्या कारखान्याच्या फाटकापाशी त्याला धरला.

"पळाला म्हणजे झालं ना," कांग म्हणाले. "निर्दोष माणूस पळतो का?"

पळतो. ज्याचा पासपोर्ट बोटमालकाच्या कपाटात असतो आणि ज्याला वर्दीतल्या माणसाला दाखवायला खिशात कागदाचा कपटाही नसतो, तो पळतो. हे बंदरावर सगळ्यांना माहीत आहे. कांग यांनाही आहे.

संध्याकाळी मी डबा घेऊन चौकीत गेले. तार्मुजी बाकावर बसला होता, अनवाणी. एक चप्पल पाण्यात गेली होती, दुसरी त्यानं हातात धरली होती.

"इबू, मी काचेला हात लावत नाही," तो म्हणाला. "काच तुम्ही पुसता. मी खालचं पुसतो. साडेबाराला पुसलं, आई होती. मी बोटीवर गेलो."

"बोटीवर तुला कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. सगळे जेवायला गेलेले. मी जाळं शिवत होतो."

फौजदार त्वान माझ्या दुकानात शेवया खाऊन मोठे झालेले. मला काकू म्हणतात. बाहेर येऊन त्यांनी हळूच सांगितलं, "काकू, बोटमालक म्हणतोय मला हे लफडं नको. गुन्हा सिद्ध होवो न होवो, सोमवारी सकाळच्या विमानानं याला घरी पाठवणार."

"त्याच्या कराराचे चार महिने राहिलेत. मग त्याला बोटीवरचा तांडेल, खलाशांचा मुकादम, करणार होते."

"माझ्या हातात नाही ते. उद्या संध्याकाळपर्यंत मूर्ती मिळाली, चोर दुसरा निघाला, तर गोष्ट वेगळी."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत," मी म्हणाले.

त्वान हसले. चांगलं हसले, पण हसले. मी डब्याचं झाकण लावलं आणि घरी आले. त्या दिवशी चूल पेटवली होती ती दुसऱ्यांसाठी. आई उपाशी कुठे बसली आहे ते ठाऊक नसताना माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

३

माझं घर म्हणजे खाली शाकाहारी शेवयांचं दुकान आणि वर भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या. बंदरात राहून कांदा-लसूणसुद्धा न खाणारी बाई म्हणून गल्ली माझी थट्टा करते. भाडेकरू फारसे येत नाहीत. तैपेईची माणसं कीलुंगला येतात ती बाजारात पोट भरून शेवटच्या गाडीनं परत जायला. पण त्या शनिवार-रविवारी दोन्ही खोल्या लागल्या होत्या.

एकीत पांग वेई-ची, ताइचुंगची शाळामास्तरीण. तिला सगळ्यांनी सांगितलं होतं की कीलुंगला जाऊ नकोस, तिथे पाऊस सोडून काही नाही. म्हणून ती आली होती. दुसरीत त्साव नावाचे गृहस्थ, तैपेईचे, जुन्या वस्तूंचे व्यापारी. शुक्रवारी आल्या-आल्या त्यांनी वेन काकांना विचारलं होतं, ती काळी मूर्ती किती जुनी.

संध्याकाळी त्साव खाली जेवायला बसले तेव्हा त्यांच्या पायाशी भली मोठी पिशवी होती. मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि समोर बसले.

"विचारा," ते म्हणाले. "सगळी गल्ली मघापासून माझ्या पिशवीकडे बघतेय. तुम्ही निदान समोर बसलात."

"पिशवीत काय आहे?"

त्यांनी उघडून दाखवली. जुन्या दाराची पितळी कडी, चिनी मातीची फुटकी उशी आणि वाळवलेल्या माकूल मासळीचे दोन गठ्ठे. "हे बायकोला," ते म्हणाले. "माकूल."

"थोरली आई तुम्हाला हवी होती."

"होतीच. कुणाला नको असेल? पण काकू, धंद्यातली गोष्ट सांगतो. असली मूर्ती चोरीची म्हटली की कुणी हात लावत नाही. आणि लावला, तरी मला लाकूड हवं. नुसतं लाकूड."

"अंगारा नको?"

"अंगारा घेऊन मी काय करू?" त्यांनी शेवया ओढल्या. "का, अंगाराही गेला?"

उठताना माझा हात टेबलावर जरा जोरात पडला. अंगारा कशाला लागतो ते आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आईला एका देवळातून दुसरीकडे न्यायचं, तर तिच्या धूपपात्रातला मूठभर अंगारा बरोबर न्यावा लागतो. नव्या जागी तो आधी घालायचा, त्यात पहिली उदबत्ती लावायची, मग आई बसते. त्याशिवाय नुसतं लाकूड जातं. ती जात नाही.

विकायला नेणाऱ्याला अंगारा नको. तार्मुजीला तर तो कशाशी खातात हेही माहीत नाही. ज्यानं आईला नेलं त्याला ती कुठेतरी बसवायची होती. आणि नेण्याआधी त्यानं कौल लावून तिची परवानगी मागितली होती.

म्हणजे चोर आमच्यातलाच होता. रोज उदबत्ती लावणारा.

मी त्वान यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काकू, राखेतल्या खड्ड्यावर मी माणूस सोडू शकत नाही," ते म्हणाले. "किल्ली खिळ्यावर होती. फरशी त्यानं पुसली. तो पळाला. मला खड्डा नको, किल्ली द्या."

४

रविवारी सकाळी रिकाम्या गादीपुढे मी तीन पेले ठेवले. पाण्याची बादली मीच ओढत आणली. वेन काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, पण मी आल्यापासून माझ्याकडे पाहत नव्हते.

"काका, काल एक ते तीन तुम्ही माझ्या दुकानात होतात."

"होतो की. शेवया खाल्ल्या, तिथेच डुलकी लागली. तूच चादर घातलीस."

"तीनला परत आलात. तेव्हा आई होती?"

"मला कुठं दिसतंय मागचं? पुढच्या दोघी दिसल्या, अंदाजानं."

"आणि किल्ली?"

काकांनी मान खाली घातली.

"शू-युन, मी म्हातारा झालो," ते म्हणाले. "मला काढून टाकतील. कांग म्हणतच असतो, आंधळ्याला राखणीला ठेवलंय."

"मी नाही सांगणार त्यांना. मला सांगा."

"किल्ली खिळ्यावर नव्हती काल. साडेबाराला मी कपाटाच्या चौकटीची धूळ झटकली, कुलूप लावलं, आणि किल्ली चुकून खिशात टाकली. तुझ्याकडे जेवून उठलो तेव्हा खिशात हाताला लागली. तीनला येऊन गुपचूप खिळ्याला लावली. त्वाननं विचारलं तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. राग आला होता, खोटं कशाला सांगू. एक माणूस अनवाणी बाकावर बसला होता आणि त्याला सोडवणारं वाक्य या म्हाताऱ्यानं रात्रभर दातांखाली धरून ठेवलं होतं. पण ते बिचारे रडत होते, आणि ज्याच्या भीतीनं रडत होते त्याच्यावर माझा राग आणखी वाढला.

आम्ही दोघं चौकीत गेलो. काकांनी सगळं परत सांगितलं. त्वान यांनी या वेळी लिहून घेतलं.

"म्हणजे एक ते तीन खिळा रिकामा," ते म्हणाले. "आणि तीनला काका आल्यापासून चारपर्यंत ते दारातच होते, कुणी आत गेलं नाही. मग तार्मुजीनं कुलूप उघडलं कशानं? कुलूप तर फोडलेलं नाही." त्यांनी पेन ठेवलं. "कपाटाच्या किल्ल्या किती?"

"तीन," मी म्हणाले. "एक काकांची. एक अध्यक्षांची."

"आणि तिसरी?"

मी गळ्यातला दोरा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

त्वान यांनी ती किल्लीही लिहून घेतली. "मग काकू," ते म्हणाले, "उरलात तुम्ही आणि अध्यक्ष."

५

दुकानात परत आले तेव्हा वेई-ची खाली बसून आपल्या मोबाईलमधले फोटो चाळत होती. तिची गाडी संध्याकाळी साडेपाचला होती. बाहेर पाऊस पुन्हा लागला होता.

"आत्या, एक बघा," ती म्हणाली. पहिल्या दिवसापासून ती मला आत्या म्हणत होती. "काल मला नशिबानं ऊन मिळालं."

ते खरं होतं. शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला, अकरा दिवसांनी, अर्धा-पाऊण तास उघडीप पडली होती. सगळ्या गल्लीनं ओले कपडे बाहेर टाकले होते. वेई-चीनं बंदरावरच्या रंगीत घरांचे फोटो काढले होते. पिवळी, निळी, गुलाबी घरं, पाण्यात त्यांची उलटी रांग. सुंदर होते. मी एकेक पाहत होते, नम्रपणे, आणि एका फोटोवर माझं बोट थांबलं.

घरांच्या बाजूनं टेकडीवर जाणाऱ्या दगडी पायऱ्या दिसत होत्या. लख्ख ऊन. पायऱ्यांवर पाठमोरा एक पुरुष चढत होता. डोक्यावर उघडी काळी छत्री, खांद्यांपर्यंत उतरलेली. दुसरा हात छातीशी, काहीतरी धरल्यासारखा. पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे गमबूट.

"हे किती वाजता काढलंस?"

"दोन वाजून एकोणीस मिनिटं. खाली लिहिलंय बघा. का? मला वाटलं उन्हासाठी छत्री आहे."

"पोरी, तुमच्या ताइचुंगमध्ये उन्हासाठी छत्री धरत असतील," मी म्हणाले. "आमच्याकडे पुरुष रिमझिमीतसुद्धा छत्री उघडत नाहीत. अकरा दिवसांनी ऊन पडलं तर त्यात तोंड वर करून उभे राहतात."

आईला उघड्या आकाशाखालून नेत नाहीत. पालखी नसेल तर तिच्यावर काळी छत्री धरतात, मग ऊन असो की पाऊस. चोरानं आमचं देऊळ उघडं पाडलं, पण तिचं डोकं उघडं पडू दिलं नव्हतं.

"आत्या, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? तुमचे ओठ पांढरे पडलेत."

"मला राग आलाय," मी म्हणाले.

तिनं फोटो पुढे सरकवला आणि एकदम म्हणाली, "तुमच्या देवळात काल कुणी लाकूड तोडत होतं का? मी खिडकीतून पाऊस थांबतानाचा व्हिडिओ काढला, सहा मिनिटांचा. पाऊस थांबल्यावर मागून टाक-टाक असा आवाज येतो. सगळा व्हिडिओ खराब केला."

तिच्या खोलीची खिडकी देवळाच्या बाजूच्या भिंतीसमोर आहे. मी तिला तो आवाज लावायला सांगितला. पागोळ्या थांबत आल्या होत्या. मग टाक-टाक. जरा वेळ काही नाही. पुन्हा टाक-टाक. कौलाचे तुकडे फरशीवर पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन.

मी बोटांवर मोजले. मग पुन्हा लावायला सांगून पुन्हा मोजले.

"चल माझ्याबरोबर," मी वेई-चीला म्हणाले. "आणि मोबाईल ओला होऊ देऊ नकोस."

६

त्वान यांनी फोटो पाहिला आणि टोपी घातली. पांढरे गमबूट बर्फाच्या कारखान्यात वीस जणांच्या पायांत असतात, हे ते म्हणाले. त्या वीसांपैकी कपाटाची किल्ली एकाकडेच आहे, हे मी म्हणाले. ते टेकडीच्या पायऱ्यांकडे निघाले.

एकशे सोळा पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यानं प्रत्येक मोजली. वर कांग यांच्या जागेत पत्र्याची भिंत होती, छप्पर अजून घालायचं होतं. मधोमध नवा कोरा सिमेंटचा चौथरा. त्यावर लाल कापड, कापडावर थोरली आई.

तिच्यावर ती काळी छत्री उघडी ठेवलेली होती, दांडा सुतळीनं बांबूला बांधलेला. पुढे नवं धूपपात्र, त्यात मूठभर जुना अंगारा, अंगाऱ्यात एक उदबत्ती, अर्धी जळलेली. कुणीतरी तासाभरापूर्वी लावली होती.

मी नमस्कार केला. उठले तेव्हा कांग दारात उभे होते. खालच्या गल्लीतले पाच-सहा जण आमच्या मागोमाग आले होते, ते त्यांच्या पाठीशी. पावसात कुणाच्याही डोक्यावर छत्री नव्हती.

"तिनं हो म्हटलं," कांग म्हणाले. त्यांनी मोबाईल काढून पुढे केला. फरशीवर पडलेले कौलाचे दोन तुकडे, एक सपाट, एक फुगीर. "बघा. पुरावा आहे. मी विचारल्याशिवाय हात लावला नाही. उद्या सगळ्यांना बोलावणार होतो. आई स्वतः टेकडीवर आली, कौल मागे ठेवून आली, असंच झालं असतं. कुणाचं काय वाईट होणार होतं?"

"कितव्यांदा?" मी विचारलं.

"काय?"

"होकार कितव्यांदा पडला?"

कांग यांनी मोबाईल खिशात टाकला. मी वेई-चीकडे पाहिलं. तिनं व्हिडिओ लावला आणि हात उंच धरला. टाक-टाक. माणसं ऐकत होती. टाक-टाक. जाळीवाली ओठ हलवून मोजत होती. सातव्या आवाजानंतर किल्लीची किणकिण, आणि मग काही नाही.

"सात," जाळीवाली म्हणाली.

"एवढ्या मोठ्या प्रश्नाला ओळीनं तीन होकार लागतात," वेन काका म्हणाले. ते कसे चढून आले होते देव जाणे.

"सातव्यांदा हो म्हणते तिचा तो होकार नसतो, अध्यक्ष," मी म्हणाले. "ती दमलेली असते." मी बटव्यातून कौलाचे तुकडे काढले. येताना देवळातून घेऊन आले होते. "आता सगळ्यांसमोर विचारा. तिला इथे राहायचं आहे का. आणि दुसरंही विचारा. फरशी कोण पुसतं म्हणालात, ते तिला पसंत होतं का."

"ते मी ठरवून नाही केलं," कांग म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "पोलीस आले, किल्लीचं विचारायला लागले. तोंडातून निघून गेलं. तो तसाही परदेशी आहे, चार महिन्यांनी त्याचा करार संपणारच होता."

मी आयुष्यात देवापुढे आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. पण मला वाटतं खाली बंदरापर्यंत ऐकू गेलं असावं.

"तिला नेलंत ते ती बघून घेईल. तिच्यावर छत्री धरलीत तुम्ही, अंगारा घेतलात, उदबत्ती लावलीत, तिला नेण्याचा एक नियम चुकला नाही. आणि त्याच तोंडानं एका माणसाला चोर म्हणालात, आणि रात्री झोपलात. त्याला रात्रभर बाकावर बसवून इथे उदबत्ती लावायला आलात. टाका कौल."

मी तुकडे पुढे धरून उभी राहिले. पावसाचं पाणी त्यांवरून ओघळत होतं. सात वेळा खाली वाकलेल्या माणसाचा हात आठव्यांदा पुढे आला नाही.

त्वान यांनी कांग यांच्या दंडाला धरलं. जाळीवाली आईला उचलायला पुढे झाली.

"थांब," मी म्हणाले. "तार्मुजी चौकीतून बाहेर येईपर्यंत ती खाली यायची नाही."

आणि मी चौथऱ्यापाशी बसले.

७

त्याला यायला तास लागला. वेई-चीची गाडी चुकली. ती म्हणाली, पुढची आहे.

तार्मुजी पायऱ्या चढून आला तेव्हा पायांत कुणाच्या तरी मोठ्या चपला होत्या आणि शर्टाच्या खिशात पासपोर्ट. तो त्वान यांनी बोटमालकाच्या कपाटातून काढायला लावला होता. सोमवारचं विमान रद्द झालं होतं. सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. कुणी माफी मागितली नाही. एकानं त्याच्या पाठीवर थोपटलं, जणू चूक त्याची होती आणि ती आम्ही पोटात घातली होती.

मी आईला छातीशी घेतलं. माझे दोन्ही हात अडकले.

"छत्री धरतोस का रे?" मी विचारलं. "पायऱ्या निसरड्या झाल्यात. दुसऱ्या कुणाला नाही सांगणार मी."

त्यानं छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"नको, इबू," तो म्हणाला. "माझा हात नको. उद्या पुन्हा काही हरवलं तर?"

छत्री वेई-चीनं धरली. तार्मुजी आमच्यापुढे दहा पायऱ्या ठेवून उतरत गेला, निसरड्या जागी थांबून पायानं शेवाळ बाजूला करत.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. कांग यांनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं. सरकारी कागदावर या प्रकाराला गैरसमज म्हटलं आहे. वेई-ची दर दोन महिन्यांनी येते, शनिवार-रविवार, पावसाचेच फोटो काढते. तार्मुजी तांडेल झाला. थोरली आई आपल्या गादीवर आहे.

देवळाला सात पायऱ्या आहेत. रोज पहाटे पाण्यानं भरलेली बादली सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवलेली असते, कड पुसून, वर फडकं झाकून. एकही दिवस चुकलेला नाही. पण त्या पायरीच्या वर ती कधी आलेली नाही. तिथून आतपर्यंत ती मी नेते. गुडघा फार दुखतो. मी ते कुणाला सांगत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ती उचलूही देत नाही.